पाण्याच्या आवाजाकडे पाठ

पुण्याहून सह्याद्रीत जाणाऱ्या माणसाच्या अंगात काही सवयी मुरलेल्या असतात. सिंहगडाच्या पायवाटेवर पुढे गेलेल्याला खालून हाक मारावी, राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचताच जयजयकार करावा, वळणाची वाट सोडून झुडपांतून सरळ वर जाणारी आडवाट धरावी, आणि उशीर झालाच तर टॉर्चच्या उजेडात निवांत गड उतरावा, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. या लघुपटातल्या एका दिवसापुरत्या आम्हाला या चारही सवयी सोडाव्या लागल्या, कारण ज्या जंगलातून आम्ही धबधब्याकडे चालत गेलो, तिथे रानटी हत्ती वावरतात.

हे जंगल सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात आहे. आम्ही सहा जण रात्री स्वारगेटहून निघालो, संकेश्वरला महामार्ग सोडला आणि गडहिंग्लज, नेसरी, चंदगड मागे टाकत उजाडण्याच्या सुमारास तिलारी घाटाच्या माथ्यावर पोचलो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. पाऊस थांबला होता, पण ओढ्यांचे पाणी अजून ओसरले नव्हते, आणि खालच्या कुणग्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, उशिराचे भात अजून कापणीची वाट पाहत उभे होते. पाण्यासाठी आम्ही आलो होतो आणि भातासाठी हत्ती येतात. एकाच पंधरवड्यात या दोन्ही गोष्टी इथे जुळून येतात.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हत्ती भेटतो तो गणेशोत्सवात, किंवा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर, जिथे हत्तीच्या धडकेपासून दार वाचावे म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर टोकदार खिळे ठोकलेले आहेत. आपल्याच राज्यात आज रानटी हत्ती आहेत, हे आमच्यातल्या दोघांना या प्रवासाची आखणी सुरू होईपर्यंत ठाऊक नव्हते. कर्नाटकातील दांडेलीच्या बाजूने हे हत्ती 2002 साली दोडामार्गात उतरले आणि पुढच्या काही वर्षांत कुडाळच्या माणगाव खोऱ्यापर्यंत आणि घाटावर चंदगड, आजरा या तालुक्यांपर्यंत पोचले. पलीकडचे जंगल धरणे, खाणी, रस्ते आणि शेती यांनी तुकड्यातुकड्यांत वाटले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाटा तुटल्या, तेव्हा त्यांनी नव्या वाटा शोधल्या. 2015 च्या फेब्रुवारीत माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती कर्नाटकातल्या प्रशिक्षित हत्तींच्या मदतीने पकडण्यात आले. त्यांतले काही बंदिवासात दगावले. पुढे 2020 साली दोडामार्गच्या जंगलातील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. गोव्याचे म्हादई आणि कर्नाटकाचे भीमगड या दोन अभयारण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात ते येते. नकाशावर हा तुकडा लहान दिसतो, परंतु चालणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे.

ज्या धबधब्याकडे आम्ही गेलो, त्याचे नाव आम्ही या लघुपटात सांगणार नाही. पुण्याभोवतालच्या घाटांत एखाद्या धबधब्याचे नाव एका पावसाळ्यात मोबाइलवरून पसरल्यावर त्याचे काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. इथे तशी गर्दी झाली, तर ती हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होईल.

आमच्यासोबत गावातले एक काका वाटाडे म्हणून होते. वनखात्याची परवानगी त्यांनी स्वतः वाचून पाहिली, मग आमच्या पाठपिशव्यांतील केळी काढून घरी ठेवायला लावली, आणि चालताना एकामागून एक राहायचे, हाक मारायची नाही व आपण थांबलो की सर्वांनी थांबायचे, एवढेच सांगून ते निघाले. पहिला अर्धा तास वाट बागायतीतून जाते. पडद्यावर दिसणारा हा माड वादळाने पडलेला नाही. हत्तीने कपाळ टेकवून तो आडवा केला, शेंड्याचा कोवळा गाभा सोलून खाल्ला आणि उरलेले झाड तसेच सोडून दिले. शेजारी पोफळींची एक ओळच्या ओळ वाकलेली आहे. माड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात आणि ते झाड एका रात्रीत जमिनीवर येते. बागेची मालकीण आम्हाला हे दाखवत असताना चिडली नव्हती. ती फक्त एकेक झाड कोणत्या वर्षी लावले ते सांगत होती, आणि ते ऐकणे आम्हाला अधिक जड गेले.

बागायत संपली आणि ओढ्याच्या ओल्या वाळूत पहिला माग दिसला. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा जवळजवळ गोल असतो, मागच्या पायाचा लांबट असतो, आणि पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. काकांनी खिशातली सुतळी ठशाच्या कडेने फिरवली आणि आम्ही ती टेपवर मोजली. घेर 126 सेंटीमीटर भरला, म्हणजे ठसा उमटवणारा हत्ती खांद्याशी अडीच मीटर, सव्वाआठ फूट उंच होता. ठशाच्या आत तळव्याच्या भेगांची नक्षी इतकी स्पष्ट उठली होती की वाळलेल्या तळ्याच्या तळाची आठवण यावी. एवढ्या वजनाच्या प्राण्याच्या पावलाखाली काटकी मोडल्याचाही आवाज क्वचितच येतो, कारण त्याच्या टाचेत चरबीची जाड गादी असते आणि पाऊल टेकले की ती पसरते.

थोडे पुढे लीद पडली होती. काकांनी तिच्यावर हात धरला आणि ती थंड आहे असे सांगितले. एका लाकडाने गोळा फोडल्यावर आत भेडल्या माडाचे, म्हणजे रानातल्या एका ताडवर्गीय झाडाचे, तंतू, बांबूच्या कुटलेल्या काड्या आणि भाताचे तूस दिसले. प्रौढ हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, परंतु त्यातला निम्म्याहून कमीच त्याच्या अंगी लागतो. उरलेले तो वाटेने पेरत जातो. चार पावलांवरच्या जुन्या, पावसात विरघळलेल्या लिदीत फणसाची तीन रोपे उभी होती. आसपास फणसाचे झाड नव्हते. ते फळ कुठल्या तरी अंगणातले असणार आणि त्या घरच्यांनी त्याची हळहळही केली असणार, पण ही तीन रोपे मात्र रानाच्या वाट्याला आली होती.

साडेदहाच्या सुमारास बांबूच्या बेटाच्या पलीकडे बांबू फुटल्याचा आवाज आला. गाठ असलेला ओला बांबू फुटतो तेव्हा बंदुकीसारखा बार होतो. काका थांबले आणि आम्हीही थांबलो. "उभे रवा, बोलू नकात," असे ते म्हणाले आणि कमरेच्या बटव्यातली चिमूटभर राख त्यांनी हवेत सोडली. राख आमच्या अंगावरून बेटाच्या दिशेने गेली. "वारो तेच्याकडे जाता. तेका आपलो वास गेलो असतलो." हत्तीची नजर फार लांबवर पोचत नाही, पण सोंड उंचावून वारा हुंगणाऱ्या या प्राण्याला माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी वासाने कळतो. तो अंगावर आला तर माणसाला धावून त्याला मागे टाकता येत नाही, त्यामुळे आधीच अंतर राखणे एवढाच उपाय उरतो. आम्ही आल्या पावली मागे फिरलो, ओढा ओलांडून पलीकडच्या धारेवर गेलो, आणि तिथे दगडांवर बसून तासाभराहून अधिक वेळ वाट पाहिली. या काळात आम्हाला हत्ती दिसला नाही. आणखी दोनदा बांबू फुटला, मग एक फांदी खसकन ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर रातकिड्यांशिवाय काहीही ऐकू आले नाही. चित्रीकरण करणाऱ्या मित्राने त्या बाजूला ड्रोन सोडण्याची कल्पना हलक्या आवाजात मांडली होती. काकांनी फक्त नकारार्थी मान हलवली, आणि ते योग्यच होते.

धबधब्यावर पोचायला साडेबारा वाजले. कातळाच्या दोन टप्प्यांवरून पाणी उतरते, मधल्या टप्प्यावर ते क्षणभर पसरते आणि खालच्या डोहात एकवटून पडते. डोहाच्या काठी उभे राहिल्यावर तुषार चेहऱ्यावर येतात, आणि पाण्याचा नाद कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो. हत्तीही एकमेकांशी अशा खोल आवाजात बोलतात की त्यातला बराचसा भाग माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. 1984 साली केटी पेन या संशोधिकेला अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ असताना हवेत एक धडधड जाणवली आणि तिथून या आवाजांचा शोध सुरू झाला.

आम्ही सगळे पाण्याकडे तोंड करून बसलो होतो. काका मात्र धबधब्याकडे पाठ करून, एका खडकाला टेकून, झाडीकडे पाहत बसले होते. भाकरीही त्यांनी तशीच, मान न वळवता खाल्ली. रानात माणसाची मदार कानांवर असते, आणि धबधब्यापाशी नेमके कानच निकामी होतात. मागे बांबू फुटला असता तरी तो आम्हाला ऐकू आला नसता. हत्तींनाही याच डोहाचे पाणी लागते, आणि ऊन कलल्यावर ते सावलीतून पाण्याकडे निघतात. कॅमेऱ्यातल्या धबधब्याच्या दृश्यांपेक्षा काकांच्या पाठमोऱ्या बसण्याचे हे दृश्य आम्ही अधिक वेळ ठेवले आहे.

तिथे आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली. बेटापाशी गेलेला तासभर भरून काढण्यासाठी आणखी अर्धा तास थांबावे, अशी सर्वांचीच इच्छा होती. काकांनी सूर्याकडे बोट दाखवले आणि ते उठले.

चार वाजण्याच्या आत आम्ही बागायतीत परतलो होतो. गावात संध्याकाळची तयारी सुरू झाली होती. कुणग्याच्या बांधावर लाकडे रचली जात होती, एका मुलाने रिकामा पत्र्याचा डबा आणि दांडा माळ्यावर नेऊन ठेवला, आणि काका घरी न जाता थेट आपल्या शेताकडे वळले, कारण त्यांचे दोन कुणगे अजून कापायचे राहिले होते. पैसे घेताना त्यांनी ते मोजले नाहीत. गाडीच्या खिडकीशी येऊन त्यांनी एवढेच सांगितले की, पुढच्या दोन वाड्यांपाशी रस्ता रानाला लागून आहे, तिथे दिवे मंद ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.

घाटाची पहिली चढण लागेपर्यंत आमच्यातला कोणी बोललाही नाही.