मूळ कागद कुठे आहे?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

प्रादेशिक इतिहासाच्या त्रैमासिकाचे मानद संपादक मंडळ नेमके काय करते, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आलेल्या लेखांतले बरे लेख निवडायचे आणि छापखान्याकडे धाडायचे. खरे तर निवडीला एक संध्याकाळ पुरते. उरलेले तीन महिने दुसऱ्याने केलेले वाचन मुळाशी ताडून पाहण्यात जातात, आणि हे काम नीट पार पडले तर अंकात त्याची खूणही उरत नाही.

पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हे काम करण्याची रीत मराठीला नवी नाही. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले, तेव्हा त्यामागचे काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही पेशाने शिक्षक होते. बखरी आणि पत्रे-यादी त्यातून प्रथमच छापून लोकांसमोर येऊ लागल्या. पुढे १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि तिथल्या पाक्षिक सभांतून टिपणे वाचण्याचा प्रघात पडला. मला तो प्रघात फार मोलाचा वाटतो, कारण टिपण छापण्याआधी चार जाणत्यांच्या तोंडावर वाचून दाखवावे लागणे हीच एक तपासणी असते.

आमच्या मंडळात आज एक निवृत्त बँक अधिकारी, दोन शिक्षिका, एक वकील आणि मी असे पाच जण आहोत. मोडी सराईतपणे वाचणारे आमच्यात दोघेच, आणि खोळंबा होतो तो नेमका इथे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली असतात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एखादे आडनाव गावाचे नाव म्हणून सहज वाचले जाते. म्हणून आम्ही लिप्यंतर तिघे मिळून तपासतो. एक जण मुळावरून मोठ्याने वाचतो, दुसरा लेखकाने पाठवलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकतो, आणि तिसरा फक्त अडलेल्या जागा वहीत टिपतो. वाचणाऱ्याने लेखकाचे लिप्यंतर आधी पाहायचे नाही, असा नियम आहे. एकदा पाहिले की डोळ्याला तेच दिसू लागते.

कालगणनेचा एक प्रसंग सांगतो. एका लेखात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ या सालातले, जमादिलाखर महिन्यातले पत्र होते. हे साल म्हणजे शुहूर सन ११६१; मराठी कागदांत हा सन असा अरबी अंकशब्दांत लिहीत. लेखकाने इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवून ‘जानेवारी १७६०’ असे लिहिले होते. बेरीज चुकलेली नव्हती. परंतु शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी, पालटतो, त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात; म्हणजे हे पत्र जानेवारी १७६१ चे. पत्रात तर भाऊसाहेब, म्हणजे सदाशिवरावभाऊ, पानिपतावर असल्याचा स्पष्ट उल्लेख होता. १७६० च्या आरंभी भाऊसाहेब दक्षिणेत निजामाविरुद्धच्या मोहिमेवर होते, आणि उत्तरेत त्याच जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. एका आकड्याने ते पत्र एका युद्धातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवले होते, आणि लेखकाने त्या सालावर तीन पानांचा नवा निष्कर्ष उभा केला होता. तीन पाने गेली, पत्र छापले.

याहून अवघड प्रकरणे घराण्यांची. प्रादेशिक त्रैमासिकाचा लेखक, वर्गणीदार आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या कागदांचे दप्तर आहे तो गृहस्थ, हे पुष्कळदा एकच असतात, आणि लेख नाकारला तरी मंडईत त्यांची गाठ पडतेच. एकदा वतनाच्या वादातल्या महजराच्या, म्हणजे साक्षीदारांसमक्ष झालेल्या निवाडापत्राच्या, छायाप्रतीवरून लिहिलेला लेख आला. लेखकाच्या पूर्वजाचे नाव साक्षीदारांत होते आणि त्यावरून घराण्याची वंशावळ दोन पिढ्या मागे नेली होती. आम्ही नेहमीचाच प्रश्न विचारला, मूळ कागद कुठे आहे? गृहस्थ थोडे दुखावले, पण कागद घेऊन आले. खिडकीपाशी धरल्यावर दिसले की त्या एका नावाची शाई निराळी होती, बोरूही बारीक होता, आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत ते दाटून बसवलेले होते. छायाप्रतीत सगळेच काळे दिसत होते. नाव नंतर घातले असे म्हटले तरी ते कोणी व कधी घातले हे सांगता येत नव्हते, त्यामुळे आम्ही ‘बनावट’ हा शब्द टाळला. महजर जसाच्या तसा छापला, त्या नावाखाली हस्ताक्षराविषयी दोन ओळींची टीप दिली आणि वंशावळ वगळली. त्यांनी वर्गणी बंद केली. मला त्याचे वाईट वाटले, कारण त्यांच्याकडची आणखी दोन गाठोडी आम्ही अजून पाहिलेली नाहीत.

अलीकडे लेखांचा ओघ वाढला तो वेगळ्याच कारणाने. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, आणि पहिल्याच पत्रात ‘आपले त्रैमासिक यादीत आहे का’ असे विचारले जाऊ लागले. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर केले. आमच्या शनिवारच्या बैठकीत त्याने काही फरक पडला नाही.

फरक पडतो तो माणसांनी. गेल्या वर्षी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आमच्याकडे येऊ लागली. तिला लेख निवडण्याची उत्सुकता होती. आम्ही तिच्यापुढे पत्रांचा एक गठ्ठा ठेवला आणि सांगितले की मजकूर सध्या राहू दे. प्रत्येक पत्रातला ‘छ’ शोधायचा, म्हणजे लिहिल्याची तारीख, आणि पाठीवर पैवस्तीचा शेरा असेल तर पत्र पोहोचल्याची, या दोन तारखा वहीत समोरासमोर मांडायच्या. चौथ्या शनिवारी तिने वही पुढे केली. एक पत्र लिहिण्याच्या अकरा दिवस आधीच पोहोचले होते. गठ्ठ्याची यादी आम्हीच केलेली होती.