सकाळचं व्याख्यान आणि दुपारचा पट्टा
(परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान, संपादित)

नमस्कार. ओळख करून देताना माझं जरा जास्तच कौतुक झालं. ते का फोल आहे, हे सांगूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी उच्च रक्तदाबावरच्या एका प्रशिक्षणात मी शिकवायला होतो. सकाळभर स्लाइड दाखवून झाल्या. दुपारी सहज म्हटलं, जोड्या करा आणि एकमेकांचा रक्तदाब मोजा. वीसेक जण होते, बहुतेक सगळे अनुभवी. कुणी बाहीवरूनच पट्टा बांधला, कुणी मोजता मोजता समोरच्याशी गप्पा मारल्या. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड हृदयाच्या पातळीला, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. दंडाच्या मानाने पट्टा लहान पडला तर आकडा उगाच चढतो, हेही लेखी परीक्षेत प्रत्येकाने बरोबर लिहिलं असतं. मोठा पट्टा पेटीतच होता. तो कुणी बाहेर काढला नाही. आणि माझा रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरांशी मी स्वतः अखंड बोलत होतो!

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि चौथी, रोजच्या कामात खरोखर तसं करणं. आपली प्रमाणपत्रं बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर मिळतात. रुग्णाची गाठ मात्र चौथीशी असते.

मग अशा वर्गांचा उपयोग काय? वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००९ मध्ये या विषयावरच्या ८१ चाचण्यांचा आढावा घेतला. प्रशिक्षण-सभांमुळे योग्य पद्धतीने काम होण्याच्या प्रमाणात साधारण ६ टक्क्यांची सुधारणा दिसली. नुसतं व्याख्यान किंवा नुसता गटातला सराव यापेक्षा दोन्हींची सांगड अधिक कामी आली. ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे, पण हजेरीच्या तासांवर समाधान मानावं इतकंही नव्हे.

शिकत राहायला हवं, यात वाद नाही, कारण जुनं खरं खोटं ठरतं. दम्याचंच घ्या. त्रास झाला की आराम देणारा पंप ओढा आणि गप्प बसा, हे अनेकांना शिकवलं गेलं. २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना बदलल्या. प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ असा अल्पकाळ काम करणारा पंप देऊ नये, कारण त्याने श्वासनलिका मोकळी होते, आतली सूज तशीच राहते आणि गंभीर झटक्याचा धोका वाढतो. जलसंजीवनीची पाकिटंही तीच राहिली नाहीत. २००२ पासून क्षार आणि ग्लुकोज कमी असलेलं सूत्र आलं, विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण लिटरला ३११ ऐवजी २४५ मिलिऑस्मोल. ज्याने जुनं पाठ केलं आणि नवं कुणी सांगितलं नाही, त्याचा दोष किती धरायचा?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. परिचारिकांचे वर्ग वेगळे आणि फार्मासिस्टचे वेगळे, ही पद्धत मला पटत नाही. मेथोट्रेक्सेट या औषधाचं उदाहरण सांगतो. संधिवात आणि सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रुग्णाला बाकीच्या गोळ्या रोज घ्यायची सवय, म्हणून हीसुद्धा रोज घेतली जाते. मग रक्त तयार करणारी अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी कमी होतात. यात माणसं दगावली आहेत. फार्मासिस्ट काय करू शकतो? पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर न थांबता वार लिहायचा, समजा मंगळवार. चिठ्ठीवर 'रोज' दिसलं तर औषध न देता आधी डॉक्टरांना विचारायचं. पण समजा, चूक घरी गेल्यावर झाली. तोंड आलंय, घास गिळवत नाही, अशी तक्रार रुग्ण औषधांच्या खिडकीशी करत नाही. ती करतो सिस्टरांकडे, ड्रेसिंग चालू असताना, जाता जाता. तोंडातले व्रण हे या विषबाधेचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे सिस्टरांना ठाऊक असायला हवं. मग त्या "ही गोळी कोणकोणत्या दिवशी घेता?" असं विचारतील. एकाकडे पाकीट, दुसरीकडे तक्रार. दोन्ही एका टेबलावर आल्याशिवाय काही कळत नाही.

इन्सुलिनचंही तसंच. मिलिलिटरला ४० युनिटची बाटली आणि मिलिलिटरला १०० युनिटची बाटली, दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. अदलाबदल झाली की डोस अडीच पट होतो किंवा अडीच पटीने कमी पडतो. बाटली देतो एक, टोचायला शिकवते दुसरी.

म्हणून माझा आग्रह असा की विषय वरून येऊ नयेत. खिडकीशेजारी आणि इंजेक्शनच्या खोलीत एकेक वही ठेवा. अडलेला प्रश्न, होता होता राहिलेली चूक, दोन ओळींत लिहायची, नाव न घालता. नाव घातलंत की वही आठवड्यात कोरी पडते, हे अनुभवाने सांगतो. पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून त्यातल्या एकाच नोंदीवर वीस मिनिटं बसायचं. एकच. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं झपाट्याने विसरलं जातं आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते. वर्षातून एकदा आठ तास कोंडून बसवण्याचं समर्थन त्यानंतर कुणी कसं करावं, मला कळत नाही. औषध कंपनीच्या खर्चाने झालेल्या वर्गात विषय कोण ठरवतं, हेही एकदा विचारून पाहा.

वेळ नसतो, हे मान्य आहे. रांग दारापर्यंत असते. त्यामुळे ही वीस मिनिटं कामाच्या तासांतच धरायला लागतील आणि ते वरिष्ठांनी ठरवायचं आहे. ते आज पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलतोय.

आता उठा. मागच्या टेबलावर तीन मापांचे पट्टे ठेवलेत. एक सिस्टर आणि एक फार्मासिस्ट, अशा जोड्या करा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा. हजेरीचा कागद नंतर फिरवू.