ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर कोणाची नजर?

(दृश्य: बर्फावरून धावणारी कुत्र्यांची गाडी)

ईशान्य ग्रीनलंड. हे बेट डेन्मार्कच्या राज्याचा स्वायत्त भाग. डेन्मार्कची लष्करी गस्त इथे आजही कुत्र्यांच्या गाड्यांवरून चालते. तुकडीचं नाव सिरियस. एका गाडीमागे दोन जवान, बाकी सगळा भार कुत्र्यांवर.

डिसेंबर २०२४. ग्रीनलंड अमेरिकेच्या ताब्यात हवं, असं डोनाल्ड ट्रम्प म्हणाले. पाठोपाठ डेन्मार्कचे संरक्षणमंत्री ट्रोल्स लुंड पौल्सन यांनी नवी यादी वाचली: दोन गस्ती जहाजं, लांब पल्ल्याचे दोन ड्रोन आणि कुत्र्यांच्या गाड्यांची आणखी दोन पथकं. या योगायोगाला ते नियतीची थट्टा म्हणाले. थट्टा होतीच. कारण ड्रोन घ्यायचे, हे २०२१ मध्येच ठरलं होतं!

(दृश्य: धावपट्टीवर एमक्यू-९बी)

जुलै २०२५ मध्ये अखेर निवड झाली. चार एमक्यू-९बी स्कायगार्डियन ड्रोन. पंखांचा पसारा २४ मीटर. एका उड्डाणात ४० तासांपर्यंत हवेत राहतो, असा कंपनीचा दावा. ग्रीनलंडचा किनारा ४४ हजार किलोमीटर, आणि उत्तर भागात हिवाळ्यात महिनोन् महिने रात्र. ड्रोनवरच्या रडारला मात्र अंधाराचं आणि ढगांचं वावडं नाही. ओळख सांगणारं यंत्र बंद करून निघालेलं जहाजही त्याला सापडू शकतं.

अडचण वेगळीच आहे. वैमानिक जमिनीवर, विमान दूर. मधला धागा उपग्रहाचा. पारंपरिक दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर आकाशात स्थिर. उत्तरेकडे जावं तसे ते क्षितिजाकडे झुकतात आणि ८१ अंश अक्षांशापलीकडे दिसेनासे होतात. ग्रीनलंडचं टोक ८३ अंशांवर! याच घराण्यातल्या ड्रोनने २०२१ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकवर ७८ अंश ओलांडले. पुढचं आकाश सोपं नाही. त्यात पंखांवर साचणारा बर्फ.

आपल्या नौदलाने याच घराण्यातले ड्रोन २०२० पासून भाड्याने घेऊन तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडवले आहेत. पुढे भारताने ३१ ड्रोनचा करारही केला. पण तिथे उपग्रह जवळजवळ डोक्यावर असतात.

(दृश्य: ग्रीनलंडची राजधानी नूकचं बंदर)

आणि सगळ्यात अवघड जागेचं दुखणं. हे ड्रोन बनवते जनरल अॅटॉमिक्स, कॅलिफोर्नियाची कंपनी. ज्या देशाच्या अध्यक्षांना ग्रीनलंड हवंय, त्याच देशाच्या कारखान्यातून ग्रीनलंडचा पहारेकरी येणार. पुढची कित्येक वर्षं सुटे भागही तिथूनच. मग युरोपचा का नाही घेतला? युरोड्रोन नावाचा प्रकल्प आहे ना! आहे. पण डेन्मार्कने निवड केली, तेव्हा त्याचं पहिलं उड्डाणही झालेलं नव्हतं.