अठरा वर्षांच्या पोरावर डाव लावायचा की नाही

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय एनबीए ड्राफ्टबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याबद्दल, आणि दर जूनमध्ये न चुकता पेटणाऱ्या एका वादाबद्दल. आपल्या टीमने सेफ खेळाडू उचलावा की अपसाइडवाला? सेफ म्हणजे कॉलेजात तीन-चार वर्षं खेळलेला, त्याला काय येतं आणि काय येत नाही ते सगळ्यांना दिसलेलं. अपसाइडवाला म्हणजे अठरा-एकोणीसचं पोरगं, लांबलचक हात, उडी भन्नाट, शॉटचा पत्ता नाही, पण घडला तर दहा वर्षं टीमचं सोनं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं आपल्याकडे म्हणतात, आणि ड्राफ्टच्या खोलीत बसलेली बरीच मंडळी तसंच वागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ड्राफ्टच्या रात्री जे नाव पुकारलं जातं ते अर्धंच काम असतं, उरलेलं अर्धं म्हणजे त्या पोराला पुढची दोन-तीन वर्षं कोर्टवर मिनिटं मिळतात की नाही. मिनिटं, मंडळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्यावर येणार आहे.

आता यानिसची गोष्ट. ती मी कितीदाही सांगू शकतो.

२०१३ सालचा ड्राफ्ट, ब्रुकलिनमध्ये. मिलवॉकी बक्स या टीमकडे पंधरावा पिक, म्हणजे निवडायची पंधरावी पाळी. पंधरावा म्हणजे फार अवघड जागा, कारण वरचे स्टार गेलेले असतात आणि समोर राहतात ते 'बेंचवरून येऊन बरं खेळेल' छापाचे लोक. त्या वर्षी सगळ्यात पहिलं नाव पुकारलं अँथनी बेनेटचं, नवव्या नंबरवर गेला ट्रे बर्क, जो त्या वर्षीचा कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, दहाव्यावर सीजे मॅकॉलम, चार वर्षं कॉलेज खेळलेला. आणि चौदा नावं झाल्यावर बक्सने घेतलं यानिस आंतेतोकुंपोला. अठरा वर्षांचा, काटकुळा, ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये फिलाथ्लितिकोस नावाच्या क्लबकडून छोट्या छोट्या जिममध्ये खेळणारा. आईवडील नायजेरियातून आलेले, पोरगा अथेन्समध्येच जन्मला तरी नागरिकत्व नाही, ते मिळालं ड्राफ्टच्या जेमतेम दीड महिना आधी. सेपोलिया भागात लहानाचा मोठा झाला, भावांबरोबर रस्त्यावर गॉगल, घड्याळं, बॅगा विकायचा, आणि तो आणि मोठा भाऊ थानासिस एकच बुटांची जोडी वाटून खेळायचे. एवढ्या उंचीचा मुलगा पण बॉल घेऊन गार्डसारखा, म्हणजे बॉल हाताळणाऱ्या छोट्या चणीच्या खेळाडूसारखा, पळायचा, पास द्यायचा, तेच बघून लोक थबकले होते. बाकी ज्या पोरांशी तो तिथे खेळला त्यांच्यावरून एनबीएत काय होईल हे कुणाला सांगता येणार होतं?

तर हा पोरगा आला मिलवॉकीला. एकटा, कारण आईवडिलांना अमेरिकेचा व्हिसा लगेच मिळाला नव्हता, ते अथेन्समध्येच. पहिल्याच सीझनमध्ये एके दिवशी मॅचच्या आधी हा गेला वेस्टर्न युनियनमध्ये, हातातले पैसे घरी पाठवायला, आणि पाठवले ते सगळेच्या सगळे पाठवले, खिशात काहीच ठेवलं नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की ब्रॅडली सेंटरला, म्हणजे बक्सच्या अरेनाला, जायला टॅक्सीचे पैसेच उरले नाहीत. मॅच तर खेळायची आहे. मिलवॉकीतली थंडी तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, लेक मिशिगनवरून वारा येतो तो हाडात शिरतो, आणि तशा थंडीत अंगात पातळसं जॅकेट घालून हे पोरगं अरेनाच्या दिशेने रस्त्याच्या कडेने पळत सुटलं. एनबीएचा खेळाडू, स्वतःच्या घरच्या मॅचला, पळत! नशिबाने एका गाडीतल्या जोडप्याने त्याला पाहिलं, ओळखलं की अरे हा तर बक्सचा नवीन मुलगा, गाडी थांबवली, आत घेतलं आणि अरेनापाशी सोडलं.

ही गोष्ट ऐकली की माझा ऊर भरून येतो. एक तर त्या पोराने घरचा विचार आधी केला म्हणून, आणि दुसरं म्हणजे अपसाइडवाला खेळाडू घेणं म्हणजे काय हे त्यातून कळतं. त्याचा विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी) मोजता, उडी मोजता, पण घरी येतो तो एक अख्खा मुलगा, ज्याला शहर माहीत नाही, भाषा अर्धवट, पैसे कसे ठेवायचे ठाऊक नाही, आई हजारो मैलांवर. ज्या टीमला हे सगळं सांभाळायचं नसेल तिने असा मुलगा घेऊच नये, खुशाल सेफ घ्यावा. त्याचे आईवडील २०१४ च्या सुरुवातीला मिलवॉकीला आले, आणि माझ्या मते त्या व्हिसाचं मोल कुठल्याही शूटिंग कोचपेक्षा कमी नव्हतं.

आणि मिनिटं! त्या सीझनला बक्स १५ मॅच जिंकले आणि ६७ हरले. पण त्याच हरणाऱ्या टीममध्ये यानिस ७७ मॅच खेळला, सरासरी चोवीस मिनिटांच्या वर. मॅचमागे पॉइंट किती, तर ६.८. पुढच्या वर्षी १२.७, मग १६.९, मग २२.९, मग २६.९. पाच वर्षं एक एक पायरी. मग २०१९ आणि २०२० चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२१ च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये फिनिक्सविरुद्ध ५० पॉइंट, फ्री थ्रो १९ पैकी १७, आणि १९७१ नंतर पहिल्यांदा मिलवॉकीला टायटल. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती, ज्यांनी ती मॅच बघत चहा गार केला असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता दुसरी बाजू. २००३ चा ड्राफ्ट. लेब्रॉन पहिला गेला आणि दुसरा पिक होता डेट्रॉइटकडे. त्यांनी घेतला सर्बियाचा डार्को मिलिचिच, वय अठरा, अपसाइड आभाळाएवढी. त्याच्या मागून गेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. डार्को पहिल्या वर्षी ३४ मॅच खेळला आणि मॅचमागे पाच मिनिटंसुद्धा नाही. कारण डेट्रॉइट तेव्हा जिंकणारी टीम होती, २००४ चं टायटल त्यांनीच घेतलं, मग शिकाऊ पोराला कोण खेळवणार? लोक म्हणतात अपसाइडवर डाव लावला म्हणून फसले, मी म्हणतो अपसाइड घेतली आणि मिनिटं दिली नाहीत म्हणून फसले. मिनिटं दिली असती तर तो ड्वेन वेड झाला असता असं मी म्हणत नाही, पण बाकावर बसून कुणी शिकत नाही. आणि त्या मुलाला वर्षानुवर्षं 'बस्ट', म्हणजे फसलेला पिक, म्हणून हिणवलं गेलं ते मला अजिबात आवडत नाही, नंबर दोन काय त्याने स्वतः मागून घेतला होता?

गंमत बघा, बक्सचे जीएम, म्हणजे टीम बांधणारे जनरल मॅनेजर, ज्यांनी यानिसला घेतलं ते जॉन हॅमंड, २००३ मध्ये डेट्रॉइटच्या ऑफिसातच होते. डार्कोचं काय झालं ते जवळून पाहिलेला माणूस, आणि दहा वर्षांनी पुन्हा युरोपातला अठरा वर्षांचा कच्चा पोरगा घ्यायला कचरला नाही. याला मी हिंमत म्हणतो. आणि २०२१ ला टायटल आलं तेव्हा हॅमंड मिलवॉकीत नव्हतेच, २०१७ मध्येच ते ऑरलँडोला गेले होते. झाड लावलं एकाने, आंबे खाल्ले दुसऱ्यांनी. म्हणून तर बरेच जीएम सेफ जातात, कारण पोरगा घडेपर्यंत आपली खुर्ची राहील की नाही याची खात्री नसते. त्यात पहिल्या राउंडच्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त चार वर्षांचा, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी आलेला मुलगा फुलायला लागतो आणि मोठा चेक फाडायची वेळ येते. सेफ पिक पुष्कळदा टीमपेक्षा जीएमला सेफ असतो, हे मी ठासून सांगतो.

जाता जाता आपल्या सतनाम सिंगबद्दल. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, ड्राफ्ट झालेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएची एकही मॅच मिळाली नाही. आपल्या पोरांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी चांगल्या लीगमध्ये रोजच्या मॅच मिळत नाहीत, उंची शोधून काय उपयोग, हे मी बोलत राहणार.

आणि मी सेफच्या विरोधात आहे असं समजू नका. याच बक्सने २०१६ मध्ये ३६ व्या नंबरवर माल्कम ब्रॉगडन घेतला, कॉलेज पूर्ण करून आलेला, तेविशीतला, कुणाला फारसं कौतुक नव्हतं, आणि तोच पुढे रूकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंत सर्वोत्तम, झाला. पण तेव्हा टीममध्ये यानिस तयार होता, शेजारी भरवशाचा गडी हवा होता. टीम जिंकायला लागली असेल तर सेफ घ्या, काही बिघडत नाही. पण टीम ६७ मॅच हरणार असेल आणि हातात पंधरावा पिक असेल, तर बेंचवरचा बरा गडी घेऊन ६७ च्या ६५ होतील, त्याने मिलवॉकीच्या लोकांना काय मिळालं असतं?