सीबीसीच्या कागदावरचा अंदाज

(दृश्य: रक्ततपासणीची खोली. दंडाला रबरी पट्टा. जांभळ्या बुचाची नळी भरते. तंत्रज्ञ ती हलक्या हातानं उलटीसुलटी करते.)

निवेदन:
जांभळं बूच म्हणजे सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशंटची फाईल उघडा. बायॉप्सीचा रिपोर्ट एखादा, पेट स्कॅन एक-दोन, आणि सीबीसीचे कागद मात्र गठ्ठ्यानं. प्रत्येक किमोच्या आधी एक. नातेवाईक त्यात हिमोग्लोबिन बघतात, डॉक्टर ‘उद्या किमो देता येईल ना’ एवढं बघतात, आणि कागद फायलीत मागे जातो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांनी याच कागदांना वेगळा प्रश्न विचारला. नातेवाईक बाहेर व्हरांड्यात, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा आवाजात डॉक्टरांना विचारतात तोच. किती दिवस आहेत?

(दृश्य: रिपोर्ट जवळून. बोट दोन ओळींवर थांबतं.)

निवेदन:
उदाहरणादाखल हा रिपोर्ट घ्या. एकूण पांढऱ्या पेशी ११,२००. त्यातल्या दोन जाती बघा: न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १४ टक्के. ७८ ला १४ नं भागलं की साडेपाचच्या जरा वर आकडा येतो. याला एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर म्हणतात. बऱ्याच लॅब तो छापत नाहीत, भागाकार आपणच करायचा.

२०१४ साली वेगवेगळ्या कर्करोगांवरचे १०० अभ्यास एकत्र मांडले गेले. पेशंट होते ४०,५५९. ज्यांचं गुणोत्तर जास्त, साधारण चारच्या वर, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे १.८ पट निघाला.

असं का होतं? ट्यूमर शरीरात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, पेटता ठेवतो. त्याच्या इशाऱ्यावर अस्थिमज्जा न्यूट्रोफिल जास्त बनवू लागते. हे न्यूट्रोफिल ट्यूमरला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि लिम्फोसाइटना दाबतात. ट्यूमरशी लढायचं काम तर लिम्फोसाइटचं. म्हणजे या एका भागाकारात वर ट्यूमरला साथ देणारे आहेत आणि खाली त्याला अडवणारे.

(दृश्य: ग्लासगो. क्लाइड नदी, जुन्या गोदीतल्या क्रेन.)

निवेदन:
स्कॉटलंडमधलं ग्लासगो. जहाजबांधणीचं, धुराचं शहर. फुप्फुसाचा कर्करोग इथे पूर्वीपासून फार. २००३ साली इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन शक्य नसलेल्या १६१ पेशंटच्या रक्तातल्या दोनच गोष्टी पाहिल्या, सीआरपी आणि अल्ब्युमिन ही दोन प्रथिनं.

सीआरपी लिव्हर बनवतं, दाह वाढला की झपाट्यानं. त्याचा शोधही फुप्फुसाच्याच आजारातून लागला होता. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. अल्ब्युमिनचं उलटं. दाह टिकून राहिला, खाणं तुटलं, की ते उतरतं.

ग्लासगोचा हिशेब सोपा होता. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण. अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर आणखी एक. आपल्याकडच्या रिपोर्टात हेच डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅम असं दिसतं. शून्य, एक, दोन, एवढंच. दोन गुणवाले पेशंट सर्वांत कमी जगले.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे दोन्ही आकडे ट्यूमर किती मोठा आहे ते सांगत नाहीत. शरीर त्याच्यापायी किती झिजलं, ते सांगतात. स्टेज तीच, वय तेच, तरी एक जण हिंडता-फिरता आणि दुसऱ्याची पँट कमरेवर राहत नाही. हा फरक घरातल्यांना दिसतोच. ग्लासगोनं त्याला आकडा दिला.

(दृश्य: पॅरिसलगतचं विलजुईफ. गुस्ताव्ह रूसी कर्करोग संस्थेची इमारत.)

निवेदन:
मग आली इम्युनोथेरपी, शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीला ट्यूमरशी लढायला लावणारी औषधं. काहींना वर्षानुवर्षं उपयोग, काहींना जवळपास काहीच नाही, आणि खर्च असा की घर गहाण पडावं. आधी ओळखता येईल का, कोणाला उपयोग होईल?

२०१८ साली गुस्ताव्ह रूसीच्या गटानं ‘लिपी’ नावाचा निर्देशांक मांडला. त्यातही दोनच गोष्टी. न्यूट्रोफिलना उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशींनी भागायचं. उत्तर तीनच्या वर आलं तर एक गुण. मघाचाच रिपोर्ट घेतला तर ७८ भागिले २२, साडेतीन. दुसरा गुण एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एन्झाइम, नेहमीच्या मर्यादेच्या वर गेलं तर. इम्युनोथेरपी घेतलेल्या पहिल्या १६१ पेशंटमध्ये शून्य गुणवाल्यांच्या आयुर्मानाचा मध्यक, म्हणजे बरोबर मधला आकडा, ३४ महिने, एक गुणवाल्यांचा १०, दोन गुणवाल्यांचा ३.

फक्त किमो घेतलेल्या पेशंटमध्ये असा फरक दिसला नाही. त्यामुळे वाटलं, इम्युनोथेरपी कोणाला द्यायची हे सांगणारी चाचणी सापडली. वर्षभरातच अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासली. शून्य गुण असलेले पेशंट किमोवरही जास्त जगत होते. म्हणजे लिपी पेशंटची एकूण स्थिती सांगते, औषध निवडून देत नाही. दोन गुण आले म्हणून कोणाची इम्युनोथेरपी नाकारायला हा आधार पुरत नाही.

(दृश्य: सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर. वरचा द्राव पिवळसर हवा, पण गुलाबी झाक.)

निवेदन:
हा गुलाबी रंग बघा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ प्रकारच्या कर्करोगात एनएसई नावाच्या एन्झाइमची तपासणी करतात, आणि एनएसई लाल पेशींतही असतं. या नळीतला आकडा वाढलेला येणार, ट्यूमरचा काही संबंध नसताना. एलडीएचचंही तेच. सीईए ही कर्करोगाची आणखी एक खूण, ती तर नुसत्या सिगरेटनंही वाढते.

सीबीसीही फसवतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की न्यूट्रोफिल चढतात. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं की चढतात. छातीत जंतुसंसर्ग असला की चढतात, आणि आपल्याकडे कर्करोगासोबत क्षयरोग निघाला तर सीआरपीवर काय विश्वास ठेवायचा? रक्त कधी काढलं, त्याआधी काय दिलं होतं, हे विचारल्याशिवाय भागाकार करू नये.

आणि आकडा बिनचूक असला तरी तो गटाचा असतो. जिल्ह्यात सरासरीच्या ९० टक्के पाऊस म्हटलं, म्हणून आपल्या शिवारात किती पडेल ते कळत नाही. ‘मध्यक १० महिने’ याचा अर्थ निम्मे त्याहून जास्त जगले, काही तर कितीतरी जास्त.

(दृश्य: लंडन. प्रयोगशाळेत डीएनए वाचणारं यंत्र.)

निवेदन:
थेट ट्यूमरचीच खबर देणारी तपासणीही आता आहे. ट्यूमरच्या मेलेल्या पेशींचा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी रक्तात येतो. ब्रिटनमधल्या ट्रेसरेक्स अभ्यासात ऑपरेशननंतर पेशंटच्या रक्तात हे तुकडे शोधले. २०१७ च्या अहवालात, आजार परतल्याची खूण रक्तात स्कॅनच्या आधी दिसली, मध्यक ७० दिवस आधी. जास्तीत जास्त जवळपास वर्षभर आधी. हे तंत्र महाग आहे, आणि ७० दिवस आधी कळून पेशंट जास्त जगतो का, हे त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही.

(दृश्य: ओपीडी. डॉक्टर फाईल मिटतात, खुर्ची पुढे ओढतात.)

निवेदन:
मग जास्त गुण आले तर डॉक्टरांनी करायचं काय? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला २०१० चा अभ्यास इथे आठवतो. नुकतंच निदान झालेले, आजार पसरलेले १५१ पेशंट. रक्ताचे गुण बघून ते निवडले नव्हते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना तेच उपचार, शिवाय पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअरची टीम. वेदना, धाप, झोप, भूक, घरातल्यांशी बोलणं, हे सगळं ती टीम बघायची. पहिल्या गटाच्या आयुर्मानाचा मध्यक ८.९ महिने. दुसऱ्याचा ११.६. आणि शेवटच्या काळात आक्रमक उपचार पहिल्या गटात ५४ टक्क्यांनी घेतले होते, दुसऱ्या गटात ३३.