सूट द्या, पण सगळ्यांदेखत

नमस्कार श्रोतेहो.

सिंहगड रस्त्याला आमची सोसायटी आहे आणि तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. हे पद कुणी मागून घेत नाही. सर्वसाधारण सभेला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात ते पडतं. ग्रुपचे नियम आमच्याकडे पहिल्यापासून लिहिलेले आहेत. जाहिराती नकोत, राजकारण नको, रात्री दहानंतर मेसेज नकोत, फॉरवर्ड नकोत. वाचायला अगदी सोपे. अंमलात आणायला बसलं की एकेकाला फाटे फुटतात.

जाहिरातींचंच घ्या. दिवाळीआधी बी विंगमधल्या एक काकू चकली-चिरोट्यांचे दर टाकतात. खाली लगेच रांग: ‘काकू, माझा एक किलो’, ‘मला अर्धा, तिखट बेताचं’. त्याच आठवड्यात भाड्यानं राहणारा एक मुलगा विम्याची योजना टाकतो आणि लोक खवळतात. ‘ॲडमिन, लक्ष आहे का?’ नियम दोघांनीही मोडला. काकूंना सूट मिळाली, कारण त्या जुन्या आणि चकली खुसखुशीत. मुलानं बोलणी खाल्ली, कारण तो नवा, त्यात भाडेकरू. माझ्या मते हा सरळसरळ वशिला झाला, चकलीचा का असेना.

मग आम्ही जाहिरातींसाठी रविवार मोकळा केला. मालक असो की भाडेकरू, माणशी एक जाहिरात. काकू कुरकुरल्या. ऑर्डरी आधी कळल्याशिवाय भाजणी किती करायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. म्हणून दिवाळीआधीचा पंधरवडा सगळ्यांनाच रोज खुला केला आणि तारखा ग्रुपवर अगोदर टाकल्या. विमावाल्यानंही त्यात हात धुऊन घेतले. कुणी चकार शब्द काढला नाही.

ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम आहेत, २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. त्याच नियमात सणाउत्सवांसाठी राज्य सरकारला मुभा आहे: १२ वाजेपर्यंत, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस. गणेशोत्सवातले ते दिवस किती असावेत यावर पुण्यात भांडणं होतात, आणि बारापर्यंतचा दणदणाट मलाही सोसत नाही. पण मांडणी बघा. सूट कधी, किती वाजेपर्यंत, हे आधी जाहीर होतं, आणि ते लहानमोठ्या सगळ्याच मंडळांना लागू असतं.

‘राजकारण नको’ हा नियम मात्र आम्हाला पार मोडीत काढावा लागला. पाणी दोन दिवस कमी दाबानं येतंय असं कुणी लिहिलं, तर ते राजकारण का? रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो टाकला तर? ज्याला जे झोंबेल ते तो राजकारणात मोजणार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाचं हेच झालं होतं. ‘त्रासदायक’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असले मोघम शब्द त्यात होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. आता आमचा नियम असा आहे: पक्षाचा आणि उमेदवाराचा प्रचार नको. खड्डे, कचरा, पाणी यांवर खुशाल बोला, नगरसेवकाचं नाव घेऊन बोला.

आणि २५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांत मुठेचं पाणी शिरलं. आम्ही जरा उंचावर, पण जीव टांगणीला. दहानंतर मेसेज नकोत हे तेव्हा कुणाला सुचणार? ‘खालच्या पार्किंगमधल्या गाड्या काढा’, ‘ए विंगच्या आजींचं डायलिसिस आहे, रस्ता चालू आहे का?’ अशी रात्रभर ये-जा चालली होती, आणि ती चालायलाच हवी होती. फॉरवर्डचा नियम मात्र आम्ही उलट आवळला. स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा, वेळ आणि ठिकाण घालून. नाहीतर पाटबंधारे खात्याचं किंवा महापालिकेचं अधिकृत असेल ते. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हापासून या शहरात ‘धरण फुटलं’ एवढं कानावर पडलं तरी माणसं जिन्याकडे पळतात. ‘आतल्या गोटातली बातमी’ म्हणून आलेला एक मेसेज आम्ही काढला आणि का काढला तेही खाली लिहिलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी लोकांची डोकी आधीच तापलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

पुष्कळ ॲडमिन कडक वागतात ते भीतीपोटी. उद्या कुणी काही लिहिलं तर पोलीस माझ्या दारात! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय, की समान हेतू किंवा आधीचा संगनमताचा बेत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा घाईघाईनं कुणाला काढून टाकायची गरज नसते. आम्ही आधी फोन करतो. चारचौघांत सुनावलं की माणूस हट्टाला पेटतो, फोनवर तोच ‘हो हो, डिलीट करतो’ म्हणतो. तरीही ऐकलं नाही तर ग्रुपवर समज, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर महिनाभर बाहेर. महिना संपला की आम्ही आपणहून परत घेतो, विनवण्या करायला लावत नाही.

ॲडमिनही आता तिघे आहेत, त्यात भाडेकरूंच्या वतीनं एक मुलगी आहे. परवा तिनं चेअरमनसाहेबांचा हळदीच्या काढ्याचा फॉरवर्ड उडवला आणि खाली लिहिलं, ‘नियम चार’. साहेबांचा मला तडक फोन. मी म्हटलं, साहेब, अपील तिघांपुढे करायचं, माझ्या एकट्याच्या हातात नाही. अपील अजून आलेलं नाही. काढ्याची कृती मात्र लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागली आहे, आणि फळ्याचे नियम आम्ही अजून केलेले नाहीत.

नमस्कार.