बूस्ट मे महिन्याच्या उन्हात ठरवावा

नमस्कार. टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात जास्तीची हवा कोंबून आणलेला दाब, वाढवायचं मनात आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो : "माझ्या इंजिनला एक बार झेपेल का?" आज मी त्याचं उत्तर देणार आहे, पण एका आकड्यात देणार नाही. बाहेरची हवा, टाकीतलं पेट्रोल आणि इंजिनचे आरपीएम या तिन्हींवर तो आकडा ठरतो आणि तिन्ही सारखे बदलत असतात. तेव्हा बूस्ट ठरवताना या तिघांचा सगळ्यात वाईट मेळ डोळ्यांसमोर ठेवावा, हे माझं म्हणणं आहे. डिसेंबरच्या थंड सकाळी, चांगल्या पेट्रोलवर, मोकळ्या रस्त्यावर जो बूस्ट सुरक्षित वाटतो, तो मे महिन्यातल्या दुपारी खोपोलीहून लोणावळ्याकडे चढताना सुरक्षित असेलच असं नाही.

आधी बूस्ट मीटर काय दाखवतो ते बघू. बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, किती जास्त दाब आहे, एवढंच तो सांगतो. मुंबईत बाहेरचा दाब साधारण १.०१ बार असतो. पुण्यात ०.९५ च्या आसपास, आणि लेहला ०.६५ च्या जवळ. आता मीटरवर ०.८ बार बूस्ट आहे असं धरा. मुंबईत टर्बोने बाहेरची हवा १.८ पट दाबली. लेहला मीटरवर तोच ०.८ दिसायचा तर तिला २.२ पट दाबावं लागतं. काटा तिथेच आहे, पण टर्बोचा शाफ्ट कितीतरी वेगाने फिरतोय. लडाखच्या सहलीला जाणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा, विशेषतः ज्यांनी हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर बसवला असेल त्यांनी. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उंची ओळखून आपणहून माघार घेतो, स्प्रिंग आणि स्क्रूवर चालणारा कंट्रोलर तसं करत नाही.

आता मुख्य शत्रूकडे, म्हणजे उष्णतेकडे, येऊ. सायकलला हवा भरताना पंपाचा बुडखा तापतो, तेच टर्बोत होतं. बाहेर ४० अंश तापमान आहे, टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, आणि हवा १.८ पट दाबली, तर ती साधारण १२० अंशांवर बाहेर पडते. २.२ पट दाबली तर १५० च्याही वर जाते. प्रत्यक्षात आणखी थोडी जास्तच, कारण लहान टर्बोला इतकं ताणलं की त्याची कार्यक्षमता घसरते. चांगला इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढून घेतो आणि ही हवा ६५ ते ७५ अंशांपर्यंत आणतो. पण त्याच्यावर समोरून वारा आला तर. घाटात ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, गाडीत चार माणसं, अशा वेळी इंटरकूलर स्वतःच तापून बसलेला असतो. मग ट्रक बाजूला होतो आणि आपण पाय दाबतो. माझ्या मते इंजिनची खरी परीक्षा त्या क्षणी असते.

या गरम हवेने बिघडतं काय? सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पसरत जाते. तिच्या पुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यातून ज्या दाबलहरी उठतात त्या पिस्टनच्या माथ्यावरचा थंड वायूचा पातळ थर उडवून लावतात, आणि ॲल्युमिनियमला थेट चटका बसतो. आधी दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, कधी हेड गॅस्केट जातं. गॅरेजमध्ये तो पिस्टन हातात घेऊन लोक म्हणतात, "बूस्टने फोडला." नुसत्या बूस्टने पिस्टन सहसा फुटत नाही. वाढलेल्या बूस्टसोबत आलेलं नॉकिंग त्याला फोडतं. हा फरक नीट कळला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

इतिहासातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. टर्बो बसवून विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी ती एक. तिचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट आकसवतो तो आकडा, होता १०.२५, म्हणजे त्या काळच्या टर्बो इंजिनसाठी फारच चढा. बूस्ट जेमतेम ०.३५ बार. तेवढ्यानेही नॉकिंग होणार हे इंजिनिअरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी दिली. बूस्ट आला की त्याचा फवारा आत जायचा आणि मिश्रण थंड व्हायचं. टाकी रिकामी झाली तर बूस्ट रोखणारी झडपही होती. तंत्र उत्तम होतं, पण ती टाकी भरत राहायचं काम गाडीच्या मालकावर सोपवलेलं होतं, आणि कित्येक जण ते करत नसत. दोन वर्षांत गाडी बंद झाली.

स्वीडनच्या साब कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट धरली. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला. नॉकिंगचा आवाज आला की वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूने वाट देणारी झडप, उघडून बूस्ट उतरवायचा, नाही आला तर चढू द्यायचा. पेट्रोल चांगलं असेल तर ताकद जास्त मिळेल, साधं असेल तर कमी, पण पिस्टन शाबूत राहील. इंजिनलाच विचारून बूस्ट ठरवायचा हा विचार आज जवळपास प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत आहे. आपल्या चाकणला बनलेल्या पोलो टीएसआयमध्येही होता.

कुणीतरी म्हणेल, फॉर्म्युला वनची दीड लिटरची इंजिनं याच्या कितीतरी पट बूस्टवर चालत होती. खरं आहे. १९८८ मध्ये नियमाने मॅनिफोल्डमधला एकूण दाब अडीच बारवर आणला, तरीही होंडाच्या इंजिनने मॅक्लारेनला १६ पैकी १५ शर्यती जिंकून दिल्या. पण त्या इंजिनच्या टाकीत ८४ टक्के टोल्युइन, म्हणजे सहजी नॉकिंग होऊ न देणारं रसायन, होतं. आपल्या पंपावर ते मिळत नाही. पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं हे ऑक्टेनचा आकडा सांगतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं आणि प्रीमियम ९५ चं होतं, आणि २०२० च्या डिसेंबरपासून काही शहरांत १०० ऑक्टेनचंही आलं. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलने ऑक्टेन वाढतो आणि मिश्रण थंड राहायलाही मदत होते, हे खरं. पण इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. इंधन फवारणारे इंजेक्टर आधीच क्षमतेच्या काठावर असतील तर जास्त आरपीएमला मिश्रण पातळ होणार, म्हणजे त्यात इंधन कमी पडणार. म्हणून १०० ऑक्टेनवर ट्यून केलेली गाडी घेऊन तुम्ही सोलापूरच्या पुढे कुठे रात्री अडकलात आणि समोरच्या पंपावर साधंच पेट्रोल असलं तर काय, याचं उत्तर ट्यूनिंगच्या आधी हवं. जे पेट्रोल नाइलाजाने भरावं लागेल त्याच्यावर बूस्ट बेतावा.

तिसरी गोष्ट आरपीएम, आणि इकडे लोकांचं लक्ष कमी जातं. पाच हजार आरपीएमला एक बार आणि सतराशे आरपीएमला एक बार यांत दुसरा जास्त धोक्याचा. कमी आरपीएमला पिस्टन हळू चालतो, मिश्रणाला तापायला वेळ मिळतो, आणि सगळा दाब सरळ कनेक्टिंग रॉडवर येतो. लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत, आणखी एक प्रकार होतो : ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. त्याचा एकच दणका पुरेसा असतो, आणि इग्निशन टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, तो टळत नाही, कारण ठिणगीचा तिथे संबंधच नसतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हे वाढतं, असं दिसल्यावर ऑइलचे निकषच बदलले. २०२० चं एपीआय एसपी हे ऑइलचं मानक त्यातूनच आलं. तुमच्या ऑइलच्या डब्यावर ते आहे का बघा. आणि रिमॅप करणाऱ्याला, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलणाऱ्याला, स्पष्ट सांगा, अडीच हजारांच्या खाली टॉर्क वाढवू नको. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला पाय दाबल्यावर पाठीला बसणारा धक्का कितीही सुखाचा वाटला, तरी तो मागू नका.

बाजारात जे ट्यूनिंग बॉक्स मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बॉक्सबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. ते मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधला एकूण दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल खोटा करतात. आत १.९ बार असताना ईसीयूला १.७ सांगतात, आणि ईसीयू बिचारा १.७ ला शोभेल एवढं पुढचं इग्निशन टायमिंग देतो. म्हणजे दाब वाढलेला असताना ठिणगीही हवी त्यापेक्षा लवकर. सगळी भिस्त मग नॉक सेन्सरवर. कंपनीने जी सुरक्षा शेवटची म्हणून ठेवली, ती आपण रोजच्या वापराला लावली.

मग करावं काय? मूळच्या बूस्टवर आधी लॉग घ्या, म्हणजे ईसीयूतले आकडे नोंदवून घ्या. दुपारच्या उन्हात, नेहमीच्या पेट्रोलवर, शक्यतो डायनोवर, म्हणजे गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, रस्त्यावर नव्हे. लागोपाठ तीन वेळा पूर्ण पाय दाबून ओढा, कारण पहिल्या वेळी इंटरकूलर थंड असतो आणि फसवतो. इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग, आणि लॅम्डा, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा किती आहे तो आकडा, हे तीन आकडे बघा. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.८ ते ०.८५ च्या दरम्यान असेल आणि तिसऱ्या ओढीलाही ईसीयू टायमिंग फारसं मागे घेत नसेल, तरच ०.१ बार वाढवा. एखाद्या सिलिंडरचं टायमिंग तीन अंशांपेक्षा जास्त मागे जाऊ लागलं की एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. त्या पुढे बूस्ट वाढला तरी टायमिंग मागे जातं, एक्झॉस्ट तापतो, आणि चाकावर ताकद जवळपास तेवढीच राहते. हे डायनोच्या आलेखावर स्वच्छ दिसतं, आणि पाहिल्यावर माणसाचा हट्ट आपोआप सुटतो.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात : तुमच्याकडे हे नॉकिंग नाही, पण सिलिंडरमधला कमाल दाब आणि एक्झॉस्टचं तापमान या दोन मर्यादा आहेत. काळा धूर निघत असेल तर इंधन हवेच्या पुढे गेलंय.

आणि शेवटी, घरी गेल्यावर बॉनेट उघडून वेस्टगेटच्या ॲक्चुएटरला जाणारी रबरी नळी बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत या नळीतल्या दाबानेच वेस्टगेट उघडतो. तशा गाडीत ती तडकली किंवा क्लिप सुटून निघाली, तर वेस्टगेट उघडणार नाही आणि बूस्ट चढतच जाईल. म्हणून ट्यून करताना ठरवलेल्या बूस्टच्या ०.२ बार वर ओव्हरबूस्ट कट, म्हणजे बूस्ट तिथे पोचला की इंजिनची ताकद तोडणारी मर्यादा, ठेवायला सांगा, आणि तो काढून टाकू म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आता प्रश्न घेऊ.